डावा खांदा सोडून

प्रिय गिरजाताई,

तुला जाऊन चार महिने झाले आणि मी आज पहिल्यांदा तुला पत्र लिहितो आहे. जिवंत होतीस तेव्हा तू मधल्या भिंतीपलीकडे राहायचीस, पत्राची गरजच नव्हती. दोन शब्द बोलायची गरज होती. ते मी बारा वर्षं टाळले.

आजच का लिहितो ते सांगतो. काल सकाळी आखाड्याची दोन माणसं घरी आली. ज्या आखाड्याने तुला कधी उंबरठ्याच्या आत घेतलं नाही, तोच आखाडा. त्यातला सचिव खुर्चीत ऐसपैस बसला आणि म्हणाला, "किसनभाऊ, नागपंचमीले जुन्या पहेलवान लोकायचा सत्कार ठेवून राहिलो. तुमचं नाव पक्कं झालं. गिरजाले चीत करणारा एकच माणूस, तो तुम्ही! फेटा बांधू, अन् तुमचा फोटो आत भिंतीवर लावू."

दुसरा हसत म्हणाला, "बाकी तिच्या साऱ्या कुस्त्या नुराच होत्या न भाऊ? आधीच ठरवून ठेवलेल्या. खरी लढली एकदाच, अन् तेव्हाच पडली."

तुझ्या सख्ख्या भावाने यावर काय केलं असेल? मी विमलला, तुझ्या भावजयीला, चहा ठेवायला सांगितला.

ताई, काल रात्रभर आणि आज दुपारपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. 'खरी लढली एकदाच, अन् तेव्हाच पडली.' आता तुझं एवढंच उरलं आहे बघ लोकांत! आणि ते खोटं आहे हे सांगू शकणारा जगात एकच माणूस आहे, आणि तोच फेटा बांधून घेणार आहे.

आपली सुरुवातच उलटी झाली होती, आठवतं? नंदनवन तेव्हा नावालाच शहरात. चार घरं, बाकी तुरीची शेतं आणि आपल्या म्हशी. बाबांचा गुडघा आखाड्यात गेलेला, म्हणून त्यांना मला पहेलवान करायचं होतं. आणि मी कसा? काडीसारखा, वर रडका. आखाड्यात इतर पोरं मला मारायची म्हणून बाबांनी गोठ्यामागे खड्डा खणला, माती चाळली, त्यात हळद, ताक, तिळाचं तेल घातलं आणि मला जोड हवी म्हणून तुला आत उतरवलं. तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, दोन हातांत दोन दुधाचे कॅन उचलून चालणारी. आठ दिवसांत बाबांच्या ध्यानात आलं. कमरेवर हात ठेवून ते म्हणाले, "किसना, आता असं समज का तू तिची जोड."

मला राग यायला हवा होता. पण मला केवढं हायसं वाटलं होतं म्हणून सांगू!

आई तोवर गेली होती, म्हणून तुला घरात ओढून नेणारं कोणी नव्हतं. शेजारच्या बायका म्हणायच्या, पोट्टी बाद झाली. तू तिकडे लक्ष दिलं नाहीस. पहाटे दंड, संध्याकाळी जोड आणि मधल्या वेळात म्हशी. सोळाव्या वर्षी तुझे कान मोडले, पहेलवानाचे मोडतात तसे. बाबांनी ते सगळ्या मोहल्ल्याला दाखवले. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर त्याने लपवले असते.

मग तो इतवारीचा ठेकेदार आला, जत्रांमधून कुस्तीच्या दंगली भरवणारा. सायकल रिक्षाला भोंगा बांधून त्याचा माणूस गावभर ओरडत फिरायचा, "आज शाम! गिरजा पहेलवान! है कोई माई का लाल?" माईचे लाल पुष्कळ होते, पण मातीत उतरायला कोणी तयार नव्हता. बाईकडून पडलो तर आखाड्यात तोंड दाखवता येणार नाही, आणि बाईला पाडलं तर त्यात मर्दुमकी ती कसली? म्हणून ठेकेदाराने मलाच उभा केला. काजळाची मिशी काढायची, नाव बदलायचं. मी कधी उमरेडचा वाघ झालो, कधी काटोलचा काळू.

रामटेकच्या बाजूच्या त्या गावातली गंमत आठवते का? सलामीला हात मिळवायचा सोडून मी सवयीने तुझ्या पाया पडलो! घरून निघताना रोज पडायचो तसाच. सगळं मैदान हसून लोळलं. एक म्हातारा ओरडला, "अबे, हा तर लढायच्या आधीच पाय पकडून राहिला!" तू हसू दाबायला खाली वाकून माती उचललीस, आणि मिनिटभर तुला वर पाहता येईना. बस त्या दिवशी फाट्यावर बंद पडली होती तरी आपण घरापर्यंत हसत आलो.

नुरा, नुरा म्हणतात. ताई, खोटी होती ती माझी नावं आणि माझी मिशी. कुस्ती खोटी नव्हती. मी तुला पाडायचं नाही असं ठेकेदाराने ठरवलं होतं, खरं आहे. पण त्या ठरवण्याची गरज कधी पडली? तुला मी कधी सांगितलं नाही, पण तीनदा मी गुपचूप पूर्ण जोर लावून पाहिला होता. तिन्ही वेळा मला आभाळ दिसलं. एकदा तर तू कानात म्हणालीस, "आज जेवून आला वाटते."

तुला मात्र ते नुरावाली म्हणणं लागायचं. वरून दाखवत नव्हतीस. एक दिवस न सांगता तू आखाड्यावर गेलीस. मी मागे आलो होतो. दाराबाहेर चपला काढून तू उभी राहिलीस आणि उस्तादांना म्हणालीस, "मले एक खरी कुस्ती द्या. तुमचा कोणताही चेला."

उस्ताद वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "बाई, तू माह्या पोरीसारखी आहे. पण बजरंगाच्या मातीले बाईचा पाय लागत नाई."

"मंग बाहेर लढवा. रस्त्यावर लढवा."

"माह्या पोट्ट्यानं बाईसंगं लढून काय मिळवाचं वं?"

तू नमस्कार केलास, चपला घातल्यास आणि परत निघालीस. वाटेत एकदाच बोललीस, की त्यांनी मला एकदाही पहेलवान म्हटलं नाही.

त्याच वर्षी भिवापूरचं स्थळ आलं. वसंतराव, मिरचीचा व्यापार, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. त्यांनी जत्रेत तुझी कुस्ती दोनदा पाहिली होती आणि तरी लग्नाला तयार होते, म्हणजे पाहूनच तयार होते! त्यांची मामी तुला बघायला आली. मी तुझा पदर पुढे ओढून दोन्ही कान झाकले होते. मामीने सरळ पदर मागे सारला.

"पोरीचे कान काहून असे?"

"ऐकू येते न बरोबर," तू म्हणालीस.

बाबांनी कपाळावर हात मारला, आणि बाहेर ओट्यावर बसलेले वसंतराव मोठ्याने हसले. तिथेच लग्न ठरल्यासारखं झालं. कुस्ती सोड असं ते एकदाही म्हणाले नाहीत. वैशाखात लग्न धरायचं होतं. तुझी अट एकच होती, की त्याआधी एक खरी कुस्ती लढायची, आपल्या खऱ्या नावाने उतरणाऱ्या माणसाशी.

आणि मग कन्हान.

इथून पुढे लिहायला हात चालत नाही ताई. पण चालवतो.

कन्हानच्या दंगलवाल्यांनी तुझी खरी जोड लावली होती, एका नावाजलेल्या चेल्याशी. तुझा डावा खांदा आठ दिवसांआधी निखळला होता. हाडवैद्याने बसवला, पण हात डोक्याच्या वर जात नव्हता. बाबा म्हणाले, जाऊ नको. तू म्हणालीस, पुन्हा कोण देईल? आपण दोघंच गेलो. आणि तो चेला आलाच नाही! त्याला त्याच्या आखाड्याने अडवलं म्हणे. मैदान भरलेलं, लोक शिट्या मारायला लागले. ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं. मी काजळाची डबी काढली.

तू ती माझ्या हातातून घेऊन ठेवून दिलीस. "नाई किसना. आज तुयं नाव, मायं नाव. खरी लढू. जेवढं शिकला तेवढं सारं काढ. फक्त डावा खांदा सोडून."

मी खाली वाकून चिमूटभर माती उचलली. मातीची आण मोडत नाहीत, हे आपल्याला बाबांनी अक्षर ओळखायच्या आधी शिकवलं होतं. मी म्हणालो, "सोडला."

पहिल्या रांगेत विमलचे वडील बसले होते. पंधराच दिवसांपूर्वी मी विमलला पाहून आलो होतो. मुलगी मला फार आवडली होती आणि ते मात्र बाबांना म्हणाले होते, "पोरगा जरा कच्चा दिसते." आता भोंग्यावर माझं खरं नाव पुकारलं गेलं, नंदनवनचा किसन, गिरजाचा भाऊ. लोक ओरडले, "भाऊबहीण! नुरा है, नुरा!" आणि दुसऱ्या बाजूने, "बहिणीनं पाडलं तर बांगड्या भर बे!"

तू एका हाताने लढत होतीस. एका हाताने! तरी दोनदा मला गुडघ्यावर आणलंस. तिसऱ्यांदा उचलून टाकलंस तेव्हा माझा एक खांदा मातीला लागला होता, कानात माती गेली होती, आणि दुसरा खांदा लागायला चार बोटं उरली होती. हे पंचांना त्या बाजूने दिसलं नसेल. मला माहीत आहे. अजून दोन श्वास, आणि तुझी एकुलती एक खरी कुस्ती तू मारली होतीस.

तेवढ्यात मला दिसलं, की विमलचे वडील धोतर सावरत उठून चालले आहेत.

झटापटीत हात लागला असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. आज नाही सांगत. मी पाहून धरला. तुझं डावं मनगट दोन्ही हातांत घेतलं, मागे वळवलं आणि अंगाचा सगळा भार टाकला. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. तू ओरडली नाहीस. माझ्याकडे नुसतं पाहिलंस, आणि तुझे दोन्ही खांदे मातीला लागले.

नियमात ते बसत होतं. म्हणूनच तर कुणाला काही कळलं नाही. पंचांची शिटी झाली, लोकांनी मला उचललं, विमलच्या वडिलांनी धावत येऊन स्वतःच्या डोक्याचा फेटा माझ्या डोक्याला बांधला. वरून मला दिसत होतं, तू उजव्या हाताच्या आधाराने उठत होतीस आणि तुला हात द्यायला कोणी नव्हतं.

परतीच्या बसमध्ये कन्हानचा पूल ओलांडल्यावर तू विचारलंस, "काहून गा, किसना?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. तू पुन्हा कधी विचारलं नाहीस.

घरी बाबांनी विचारलं, कशानं झालं? आणि तू म्हणालीस, "वाईट पडली मी." ताई, तू असं का केलंस? बाबांसमोर माझ्या कानफटात दोन ठेवून दिल्या असत्यास तर मी त्याच दिवशी मोकळा झालो असतो! तू मला वाचवलंस की आयुष्यभराची शिक्षा दिलीस? बाबा वारले तेही हेच समजून, की लेक कच्ची निघाली आणि ऐनवेळी पडली. त्यांच्या मनातलं ते काढायला तुला एक वाक्य पुरलं असतं. यासाठी मी तुझ्यावर कधी कधी चिडलोही आहे. स्वतःवर चिडण्यापेक्षा ते सोपं पडतं.

हात जुळला, पण कामाचा राहिला नाही. वसंतराव दोनदा येऊन गेले. मामी म्हणाली, जिला डोक्यावर घागर धरता येत नाही ती सून काय करायची? त्यांनी वर्षभर वाट पाहिली, मग दुसरीकडे केलं. तू म्हणालीस, "बरा माणूस होता." एवढंच.

माझं लग्न मात्र त्याच वैशाखात झालं, तुझ्यासाठी धरलेल्या मुहूर्तावर. करवली म्हणून तू माझ्या मागे कलश घेऊन उभी होतीस. दोन्ही हातांनी धरायचा कलश तू एका हाताने छातीशी आवळून धरला होतास. अंतरपाट दूर झाला तेव्हा मी विमलकडे पाहायचं, तर मला मागून तुझा श्वास ऐकू येत होता. पुढे जकात नाक्यावरची नोकरीही मला 'कन्हानवाला किसन' म्हणूनच लागली. बायको, नोकरी, मोहल्ल्यातला मान, सगळं त्या एका आवाजातून आलेलं. आणि तू बारा वर्षं एका हाताने म्हशी धुतल्यास. रस्त्यातून जाताना टवाळ पोट्टे म्हणायचे, "ते पाहा, नुरावाली." मी ऐकलं आहे. सोबत असताना ऐकलं आहे.

शेवटी कावीळ झाली तेव्हा तू पंधरा दिवस अंथरुणावर होतीस. विमलने तुझं सगळं केलं. मी नाक्यावरून येऊन तुझ्याजवळ बसायचो, वाक्य तोंडात तयार असायचं. एकदा तू म्हणालीस, कूस बदलून दे. मी हात घातला तो बरोबर उजव्या बाजूने, डाव्या खांद्याला धक्का न लावता. तू डोळे मिटून म्हणालीस, "हं. आता बराबर धरलं." मला वाटलं, आता बोलावं. तेवढ्यात विमल पाणी घेऊन आली, आणि मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

आज दुपारी मी विमलला सगळं सांगितलं. ती तूर निवडत बसली होती. अर्ध्यातच तिचे हात थांबले. माझं संपल्यावर तिने सूप बाजूला सारलं.

मग म्हणाली, "माह्या बाबानं त्या कुस्तीवर मले तुमच्या घरी देली. मंग मायं लगनही नुराच झालं म्हणा."

मी खाली सांडलेली तूर वेचू लागलो.

"बारा वर्षं ताईच्या हातचं खाल्लं मी. तुमच्या पोरीची तेलमालीश केली त्यायनं, एका हातानं. एक शब्द नाई बोलल्या." ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. "सत्काराले जासान?"

"नाही म्हणून कळवतो," मी म्हणालो.

"काहून? घरी बसून लपासाठी? जा. अन् तिथंच सांगा. माहे बाबा येऊन राहिले कन्हानहून, पहिल्या रांगेत बसतीन. त्यायच्यासमोर सांगा."

ताई, मला भीती वाटते. नाक्यावरची माणसं हसतील, सासरे पुन्हा उंबरठा चढणार नाहीत, विमल माझ्याशी कशी वागेल तेही मला माहीत नाही. संध्याकाळची भाकरी तिने वाढली, पण समोर बसली नाही. हे सगळं होणारच. तुझं याहून जास्त गेलं.

म्हणून वचन देतो. या वेळी माती उचलून नाही, ती लायकी माझी राहिली नाही. साधं कागदावर देतो. नागपंचमीला आखाड्यात, फेटा डोक्याला लागायच्या आत, मी उभा राहीन आणि सांगेन, की कन्हानची कुस्ती गिरजा पहेलवानने एका हाताने मारली होती, आणि तिच्या भावाने आण मोडून ती चोरली. पहेलवान हा शब्द त्या दारात मी मोठ्याने उच्चारीन. भिंतीवर फोटो लावायचाच असेल तर तुझा लावा म्हणेन. ते लावणार नाहीत, ठाऊक आहे. तरी म्हणेन.

आणि माझा काय भरवसा? ऐनवेळी मी कसा वागतो ते तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? म्हणून हे पत्र मी आता विमलच्या हातात देतो आहे. त्या दिवशी आखाड्याच्या दारात, आत नाही तर बाहेरच्या रस्त्यावर, ती उभी राहणार आहे. माझी जीभ अडली तर हे ती वाचेल, पहिल्या ओळीपासून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तुझ्याकडून पडलेला,
किसना